अनिरुद्ध सरांचा राउटर

माणसानं संशयी असू नये हे मला कळतं. पण आपली बायको सोफ्यावर बसून ओढणीत तोंड खुपसून रडतेय, आणि रडता रडता फोन उचलून कुणाला तरी लावतेय, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्यावर तुम्ही काय केलं असतं? जपमाळ ओढली असती?

मी तेव्हा खराडीत एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिडीवर होतो. माझा धंदा सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचा. मूळचा मी अकोल्याकडचा, डिप्लोमा करायला पुण्यात आलो आणि इथेच राहिलो. नगर रोडला इमारती उगवत होत्या, त्यात आयटीवाले नवरा-बायको राहायला येत होते, आणि दोघं दिवसभर बाहेर म्हटल्यावर प्रत्येकाला चोराची भीती. धंद्याला तोटा नव्हता. लोकांच्या घरात कॅमेरे लावतो, मग स्वतःच्या घरात नको? वाघोलीच्या आमच्या फ्लॅटमध्येही हॉलमध्ये एक लावला. अपेक्षाला म्हणालो, "दिवस वाईट आहेत, सुट्टीत तू घरी एकटी असतेस." खोटं नव्हतं ते. फक्त चोरासाठी लावायचा तर तोंड दाराकडे करायला हवं होतं. मी सोफ्याकडे केलं.

तर तो शुक्रवार. शिडीवर उभा राहून मी फोनवर घर बघत होतो. ती रडली. फोन उचलला, बोटानं नंबर लावला, कानाला धरला. मी काय केलं, लगेच तिला फोन लावला. खात्री करायला, दुसरं काय? बिझी! परत लावला, परत बिझी. स्क्रीनवर ती फोन कानापासून काढत होती आणि पुन्हा लावत होती. मीही लावत होतो. प्रत्येक वेळी तीच बाई तेच सांगत होती, आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करत आहात ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे. शेवटी अपेक्षानं फोन सोफ्यावर फेकला आणि आत निघून गेली. माझ्या हातातला स्क्रू खाली पडला. खालचा वॉचमन म्हणाला, "साहेब, डोक्यात पडला असता." मी म्हणालो, "पडू दे की."

त्या संध्याकाळी घरी गेलो तर ती पोळ्या लाटत होती. डोळे लाल. आता विचारायचं कसं? 'काय झालं' म्हणालो असतो तर 'काही झालंय हे तुम्हाला कसं कळलं' हा प्रश्न आलाच असता. म्हणून मी हुशारी केली. म्हणालो, "आज कोणाचा फोन आला होता का?"

लाटणं थांबलं. "कोणाचा यायला हवा होता?" ती म्हणाली.

बायको अकोल्याहून आणली, पण चार पावसाळ्यांत पुण्यानं तिची जीभ बिघडवली.

मग आम्ही जेवलो आणि झोपलो. पण माझ्या पोटात तो बिझी टोन वाजत राहिला. कोण होता पलीकडे? खरं सांगायचं तर मला उत्तर माहीत होतं. उत्तराचं नाव अनिरुद्ध.

अपेक्षा वाघोलीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवायची. तिथल्या लॅबमधली मशिनं जुनी, सॉफ्टवेअरची मुदत संपलेली. ती सगळी चालू करून द्यायला शहरातून एक ग्रुप आला होता, मुक्त सॉफ्टवेअरवाला. अनिरुद्ध त्यांचा म्होरक्या. त्या दिवसापासून आमच्या घरात तीच टेप. "फुकट नाही हो, मुक्त. उघडून आत बघता येतं, बदलता येतं, दुसऱ्याला देता येतं. आणि नुसतं सॉफ्टवेअर नाही, मशीनसुद्धा तसंच हवं. त्यातला एकही भाग आपल्यापासून काही लपवणारा नको, असं अनिरुद्ध सर म्हणतात."

अनिरुद्ध सर म्हणतात! मी इतकी वर्षं काय काय म्हणालो, हिनं कधी शेजारणीला तरी सांगितलं का 'शंभू म्हणतात' म्हणून?

मग तिनं एक जुना लॅपटॉप आणला, आमच्या लग्नाच्या अल्बमएवढा जाड. सुरू होताना जो पहिला प्रोग्रॅम चालतो, तोसुद्धा त्या लोकांनी काढून मोकळा घातला म्हणे. नवा घेऊन देतो म्हणालो तर नको. नव्याच्या पोटात काय चाललंय ते कळत नाही म्हणे. मी म्हणालो, "माझ्या पोटात काय चाललंय ते कळतं का?" ती म्हणाली, "तुमच्या पोटात काय असतं ते तोंडावर दिसतं." आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन लॅपटॉप उघडायला बसली. माझाच स्क्रू ड्रायव्हर.

त्या शुक्रवारनंतर मी डोळ्यांत तेल घालून बसलो. एके दिवशी तिच्या पर्समध्ये गुलाबी प्लास्टिकचं छोटं पाकीट सापडलं. पर्समध्ये मी सुट्टे बघत होतो, असं समजा. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं, 'अपेक्षा मॅडमसाठी'. उघडलं. आत हिरवी चकती, नखाहून जरा मोठी, त्यावर दोन सोनेरी टिकल्या. दुसऱ्या कुठल्या नवऱ्याला कळलं नसतं, पण मी धंद्यातला माणूस, लगेच ओळखलं. लॅपटॉपचं वायफाय कार्ड. आईशप्पथ सांगतो, अंगठी निघाली असती तर मी एवढा जळलो नसतो. अंगठीवरून भांडता येतं. माहेर काढता येतं. वायफाय कार्डावरून कसं भांडायचं? आणि वायफायचं सगळं मला येत असताना तिनं ते दुसऱ्याकडून घ्यावं? अंगाचा तिळपापड झाला.

"रविवारी मीपण येतो तुझ्या ग्रुपला," मी जाहीर केलं.

"या की," ती म्हणाली. "कंटाळाल."

एरंडवण्यात एका जुन्या क्लासच्या खोलीत हे लोक जमायचे. कॉलेजची पोरं, दोन पेन्शनर, एक दाढीवाला, चार-पाच मुली, आणि टेबलावर सगळे जुने काळे लॅपटॉप. अनिरुद्ध समोर उभा. मी मनात त्याचं ध्यान ठरवून गेलो होतो, तेल लावलेलं, जाड भिंगांचा चष्मा. तसा नव्हता. दिसायला बरा निघाला, हेच वाईट. पायात साध्या चपला, आवाज शांत, आणि सगळ्यांना 'आपण' म्हणायचा.

त्यांची एक रीत होती. सुरुवातीला प्रत्येकानं आपलं यंत्र टेबलावर ठेवायचं आणि त्यातलं काय अजून बंद आहे, म्हणजे काय उघडून बघता येत नाही, ते सगळ्यांसमोर सांगायचं. अनिरुद्धनं आपला फोन ठेवला. "माझ्या फोनमधलं जे टॉवरशी बोलतं ते अजून कंपनीच्याच ताब्यात आहे. मी काही करू शकलेलो नाही." पेन्शनर म्हणाले, "माझा प्रिंटर बंद आहे, आणि घरचे त्याच्यासकट मलाही बाहेर काढणार आहेत." सगळे हसले. अपेक्षानं लॅपटॉप ठेवला. "माझं वायफाय कार्ड तेवढं बंद होतं. कंपनीचा झाकलेला प्रोग्रॅम टाकल्याशिवाय चालत नव्हतं. आता सरांनी दुसरं दिलं, ते मी काल बसवलं. आता यात बंद काहीच नाही." टाळ्या पडल्या. ती लाजली. माझ्यासमोर ती शेवटची कधी लाजली होती, ते मी आठवत बसलो.

"आणि आपण?" अनिरुद्ध माझ्याकडे वळला.

"माझ्याकडे झाकायसारखं काही नाही," मी म्हणालो.

"वा," तो म्हणाला. "सुखी आहात. काय करता आपण?"

"सीसीटीव्ही बसवतो."

"हो का? त्या कॅमेऱ्यांत सॉफ्टवेअर कुठलं असतं?"

"चांगलं असतं."

"आत बघितलंय कधी?"

तो सगळ्यांसमोर माझं माप काढतोय असं मला वाटलं. मी म्हणालो, "अहो, कॅमेरा बघायला असतो. कॅमेऱ्यात कशाला बघायचं?"

तो नुसतं "बरोबर आहे" म्हणाला. पुण्यातलं 'बरोबर आहे' म्हणजे काय, ते बाहेरून आलेल्यालाच कळतं. गाडीवरून परत येताना येरवडा ओलांडेपर्यंत मी समोर येईल त्याच्यावर हॉर्न वाजवत होतो. मग म्हणालो, "फार शहाणा समजतो स्वतःला." ती मागून म्हणाली, "कोण?" जशी काही ओळखतच नाही.

पुढच्या आठवड्यात घरात एक डबा आला. राउटर. जुनाच, दोन कान वर केलेला, पण त्यातही तेच मोकळं सॉफ्टवेअर. "ग्रुपमध्ये जास्तीचा होता," ती म्हणाली, "अनिरुद्ध सरांनी दिला." आमचा नेटवाल्यानं दिलेला राउटर तिनं काढून माळ्यावर टाकला आणि त्या जागी हा बसवला. माझ्या घरात परपुरुषाचा डबा, दिवस-रात्र हिरवा डोळा लुकलुकवत! घरातलं सगळं इंटरनेट आता त्याच्या डब्यातून जाणार. मी रोज त्याच्यासमोर बसून चहा प्यायचो आणि त्याच्याकडे बघायचो.

आता खरी ठिणगी. घरोघरी फोरजी यायच्या आधीचे दिवस ते. महिन्याचा डेटा ठरलेला, तो संपला की नेट गोगलगाय व्हायचं. त्या महिन्यात अर्ध्यातच संपलं. मागच्या महिन्यातही तसंच झालं होतं. मी तर नेटवर काही करत नव्हतो. मग कोण करत होतं? कोणाशी एवढं बोलणं, एवढे व्हिडिओ कॉल? शुक्रवारच्या बिझी फोनला आता पुरावा मिळाला, असं मला झालं. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर तिचे हात धुऊन व्हायच्या आत मी तोंड उघडलं.

"नेट संपलं."

"हो, बघितलं मी."

"कोणी संपवलं?"

"म्हणजे?"

"काहून विचारतेस? तुला माहीत नाही?" मी चिडलो की माझी अकोल्याची बोली बाहेर येते. "दिवसभर तू घरी, सुट्टी लागलेली, आणि तो जाड्या लॅपटॉप मांडीवर. तुझ्या त्या सरांशी काय बोलणं चालतं ते मला कळू दे. तुझ्या डब्यात सगळं दिसतं म्हणतेस ना? दाखव! मोकळंच आहे ना तुमचं सगळं? उघड की मग."

वाटलं, ती आता रडेल किंवा आदळआपट करेल. तिनं ओढणीला हात पुसले, लॅपटॉप आणून डायनिंग टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "बसा. खुर्ची ओढून घ्या. नीट बघा."

राउटरचं पान उघडलं. घरातलं एकेक यंत्र एकाखाली एक, आणि कोणी किती आणलं, किती बाहेर पाठवलं ते समोर. मला धंद्यातलं एवढं कळतं. मी आधी तिच्या लॅपटॉपची ओळ शोधली. फुटकळ. माझ्या फोनची ओळ तिच्याहून मोठी. तिची भुवई वर गेली. आणि सगळ्यात खाली एक ओळ होती, जिच्यापुढे बाकी सगळी चिल्लर. सगळा डेटा त्या ओळीनंच खाल्लेला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

तिनं मान वर केली, भिंतीकडे. "तुमचा कॅमेरा."

"मग बरोबर आहे. मी बघतो ना मधून मधून. सुरक्षेसाठी."

"आत्ता बघताय?"

"नाही."

"तो आकडा बघा."

आकडा चढत होता. मी खिशातून फोन काढला, ॲप बंद केलं. चढत होता. फोनच बंद करून टेबलावर उलटा ठेवला. आकडा चढतच होता, निवांत, रिक्षाच्या मीटरसारखा. आमच्या हॉलचं चित्र, जेवणाचं टेबल, त्यावर वाकलेले आम्ही दोघं, सगळं त्या क्षणी कुठेतरी जात होतं आणि बघणारा मी नव्हतो.

"कुठे जातंय?" मी विचारलं.

तिनं एक पत्ता दाखवला, नुसते आकडे. "देशाबाहेर कुठेतरी. एवढंच कळतं."

"कंपनीचं असेल."

"असेल."

"कोण बघतं तिकडे?"

"ते कसं सांगू? कोणी बघतं का, साठवतं का, विकतं का, हे कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर उघडता आलं असतं तर शोधलं असतं. ते बंद आहे." आणि मग तशाच शांत आवाजात ती म्हणाली, "कॅमेऱ्यात कशाला बघायचं, असं तुम्हीच म्हणाला होतात."

मी फोन चालू करून ज्याच्याकडून माल उचलतो त्याला लावला. तो जेवत होता. म्हणाला, "अरे शंभू, स्वस्तातले सगळे तसेच असतात. पिक्चर येतंय ना तुला? मग झालं तर!" आणि ठेवला.

मी उठलो, बसलो, परत उठलो. माझ्या अंगाची आग आग होत होती, आणि आग काढायची कोणावर तेच कळत नव्हतं. अनिरुद्धला निदान नाव होतं, चपला होत्या, दोन कानाखाली द्याव्यात असे गाल होते. या तिकडून बघणाऱ्याला काय होतं? तो म्हातारा होता का तरुण होता, एक होता का दहा होते? ती न्हाऊन केस वाळवत पंख्याखाली बसायची, त्यानं बघितलं. उकडतं म्हणून ती ओढणी काढून टाकायची, ते बघितलं. घरात कोणी नाही असं समजून ती कधी कधी गाणं लावून एकटीच नाचते. मला वाटायचं ते फक्त मला माहीत आहे. माझ्या बायकोवर दुसऱ्याची नजर पडू नये म्हणून मी जे लावलं, त्यानंच तिला चव्हाट्यावर नेऊन बसवलं. कुंपणानंच शेत खाल्लं, आणि कुंपण घालणारा मी.

"हरामखोर!" मी भिंतीकडे बघून ओरडलो. "सगळं बघितलं त्यानं! अगं, त्या शुक्रवारी तू इथे बसून एवढी रडत होतीस, तेसुद्धा बघितलं असेल त्यानं!"

बोलून गेलो आणि जीभ चावली. पण तोंडातून सुटलेला शब्द परत येतो का?

अपेक्षानं लॅपटॉप मिटला नाही, काही आपटलं नाही. "मी रडत होते, हे तुम्हाला कसं माहीत?"

मी टेबलावरचा फोन उचलून खिशात टाकला.

"तुम्ही तर खराडीला होतात."

माझ्याकडे झाकायसारखं काही नाही, हे छाती फुगवून सांगून आलो होतो मी.

"म्हणजे तुम्हीही बघत होतात," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "तो तिकडून आणि तुम्ही इकडून. त्याचं सोडा, त्याचं माझं काही नातं नाही. पण दोघं बघत होतात आणि दोघांतल्या एकालाही वाटलं नाही, की हिला विचारावं, बाई, काय झालं?"

मी स्टूल ओढलं, वर चढलो आणि कॅमेऱ्याची वायर खेचून काढली. स्क्रू काढत बसलो नाही, तसाच उपटला. भिंतीचा पोपडा खाली पडला. टेबलावरच्या पडद्यावर आकडा जागच्या जागी थांबला. एवढं सगळं होऊनही, लाज वाटते सांगायला, माझ्या पोटातला तो बिझी टोन काही थांबला नव्हता. मत्सर एकदा आत शिरला की चांगलं-वाईट बघत नाही. हातात तो मेलेला कॅमेरा घेऊन, स्टुलावर उभा राहूनच मी विचारलं.

"त्या दिवशी तू फोन कोणाला लावत होतीस?"

तिनं माझ्याकडे वर बघितलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, मला त्या क्षणी राग चालला असता.

"कॉलेजनं जूनपासून तास नाहीत म्हणून सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला लावत होते. किती वेळा लावला. तुमचा फोन बिझी लागत होता."